दोन सेंटचा संच १८७२ पासून लावावा

अमेरिकी नाण्यांतला सगळ्यात आटोपशीर संच कोणता, असे कोणी विचारले तर माझे उत्तर ठरलेले आहे: दोन सेंट. १८६४ ते १८७३ अशी दहाच वर्षे हे नाणे पाडले गेले. टांकसाळ एकच, फिलाडेल्फियाची. धातू एकच, चित्रही पहिल्यापासून शेवटपर्यंत तेच. लिंकनच्या सेंटमागे लागलेल्या माणसाला शंभरावर वर्षे आणि तीन टांकसाळी सांभाळाव्या लागतात. इथे दहा सन मिळाले की अल्बमचे पान भरले. वीस सेंटचे नाणे याहूनही कमी टिकले, १८७५ ते १८७८, पण त्यातले १८७६ चे कार्सन सिटी टांकसाळीचे नाणे जगात जेमतेम वीसेक उरले आहे, त्यामुळे तो संच बहुतेकांच्या आवाक्याबाहेर राहतो. दोन सेंटचा संच मात्र पगारावर जगणारा माणूसही काही वर्षांत पुरा करू शकतो.

तरी बरेच संच अर्धवटच राहतात. आठ नाणी हौसेने भराभर जमतात आणि नवव्यापाशी, म्हणजे १८७२ पाशी, सगळे अडते. पैसा हे एक कारण झाले. दुसरे कारण असे, की पहिली आठ नाणी हाताला लागतील तशी घेतलेली असतात: एक तांबूस चकाकणारे, एक काळपट, एक गुळगुळीत झिजलेले, एक घासून पिवळे केलेले. त्यांच्या शेजारी बसेल असे १८७२ कोणते, हेच ठरत नाही. म्हणून हा संच लावताना सर्वांत अवघड नाण्याचा हिशेब सर्वांत आधी करावा, या मताचा मी आहे. ते का, हे कळायला आधी नाणे जवळून पाहू.

व्यास २३ मिलिमीटर, वजन ६.२२ ग्रॅम, कड सपाट. ९५ टक्के तांबे, उरलेल्या पाचात कथील आणि जस्त. वजनाचा अंदाज यायचा तर आपला राणीछाप पाव आणा आठवावा. १८६२ च्या मालिकेतला तो पैसा ६.४७ ग्रॅमचा होता. दोन सेंटच्या पुढच्या बाजूला उभ्या-आडव्या रेघांची ढाल, तिच्यामागे एकमेकांना छेदणारे दोन बाण, दोन्ही अंगांना लॉरेलच्या फांद्या, वर लहरणारी फीत आणि खाली सन. मागे गव्हाच्या लोंब्यांचे कडे, त्यात ठसठशीत दोनचा आकडा, त्याखाली ‘सेंट्स’, आणि काठाने देशाचे नाव. चित्र जेम्स लाँगेकर यांचे. इंडियन हेड सेंटही त्यांचाच, पण तिथे चेहरा आहे. इथे ना चेहरा, ना पुतळा. नुसती ढाल आणि अक्षरे. म्हणूनच हे नाणे झिजले तरी वाचता येते आणि कुठे किती झिजले हे नेमके सांगता येते. संग्राहकाला ही मोठी सोय आहे.

दोन सेंटचे नाणे पाडावे ही कल्पना जुनी. १८०६ मध्ये कनेक्टिकटचे सिनेटर युराया ट्रेसी यांनी तसे विधेयक आणले होते, १८३६ मध्ये नमुनेही पाडून झाले होते. गरज मात्र पडली ती यादवी युद्धात. युद्ध लांबले तसे लोकांनी आधी सोने दडवले, मग चांदी, आणि शेवटी साधा सेंटही. त्या वेळचा सेंट ८८ टक्के तांबे आणि १२ टक्के निकेलचा होता. तोही बाजारातून नाहीसा झाला. सुट्या पैशांवाचून दुकानदारांचे हाल झाले. टपालाची तिकिटे पैशासारखी फिरली, आणि खासगी कारखान्यांनी पाडलेली तांब्याची टोकन लाखोंनी चलनात आली. त्या टोकनांत एक सेंटचे तांबे मुळीच नव्हते, तरी लोक ती बिनतक्रार घेत होते. टांकसाळीचे संचालक जेम्स पोलॉक यांनी हे पाहिले. लोकांना धातूची किंमत नको, सोय हवी, हे त्यातून उघड झाले होते. निकेलची मिश्रधातू कडक असल्याने साचेही लवकर फुटत. तेव्हा निकेल सोडून पातळ ब्राँझचा सेंट काढायचा, सोबत त्याच्या नेमके दुप्पट वजनाचे दोन सेंटचे नाणे काढायचे, असे ठरले. २२ एप्रिल १८६४ च्या कायद्याने दोन्ही नाणी आली आणि त्याच कायद्याने एक व दोन सेंटच्या जागी चालणारी खासगी टोकन पाडणे गुन्हा ठरवले.

फितीवरचे वाक्य मात्र निराळ्या वाटेने आले. नोव्हेंबर १८६१ मध्ये पेनसिल्व्हेनियातले एक धर्मोपदेशक, एम. आर. वॉटकिन्सन, यांनी अर्थमंत्री सॅमन चेस यांना पत्र लिहून नाण्यांवर देवाचा उल्लेख असावा अशी विनंती केली. चेस यांनी पोलॉकना मजकूर सुचवायला सांगितले. ‘गॉड अवर ट्रस्ट’ वगैरे वाक्ये नमुन्यांवर छापून पाहिली गेली. डिसेंबर १८६३ मध्ये चेस यांनी शेवटचा मजकूर ठरवला, आणि ‘इन गॉड वुई ट्रस्ट’ हे शब्द चलनातल्या नाण्यावर पहिल्यांदा उमटले ते १८६४ च्या दोन सेंटवर. पुढे १९५६ मध्ये ते देशाचे अधिकृत बोधवाक्य झाले. अमेरिकेच्या प्रत्येक नाण्यावर आणि नोटेवर आज दिसणारे वाक्य एका बंद पडलेल्या नाण्यापासून सुरू होते, आणि हे नाणे अजून वीस-तीस डॉलरच्या आसपास मिळते.

आता आकडे पाहू, कारण अख्ख्या संचाचे गणित त्यांतच आहे. १८६४ मध्ये १,९८,४७,५०० नाणी पडली. १८६५ मध्ये १,३६,४०,०००. मग एकदम घसरण: १८६६ ला ३१,७७,०००, १८६७ ला २९,३८,७५०, १८६८ ला २८,०३,७५०, १८६९ ला १५,४६,५००. १८७० ला ८,६१,२५०, १८७१ ला ७,२१,२५०. १८७२ ला फक्त ६५,०००. आणि १८७३ मध्ये चलनासाठी एकही नाही. त्या साली संग्राहकांसाठी मुद्दाम पाडलेली प्रूफ नाणी तेवढी निघाली, साधारण हजार-अकराशे असावीत असा अंदाज आहे. एकूण साडेचार कोटींच्या वर नाणी पडली आणि त्यांतली जवळजवळ तीन चतुर्थांश पहिल्या दोन वर्षांची आहेत.

घसरण का झाली? १८६५ मध्ये निकेलचे तीन सेंट आले, १८६६ मध्ये निकेलचे पाच सेंट आले. युद्ध संपले, टंचाई संपली. शिवाय १८६४ च्या कायद्याप्रमाणे दोन सेंटची नाणी २० सेंटपर्यंतच्या देण्यासाठी कायदेशीर होती. १८६५ मध्ये ती मर्यादा चार सेंटवर आणली गेली. म्हणजे कोणी पाचवा सेंट ब्राँझमध्ये घ्यायला नकार दिला तर तो कायद्याने बरोबर. दुकानदारांच्या गल्ल्यांत ब्राँझचे ढीग साचले. १८७१ मध्ये सरकारने २० डॉलर किंवा अधिकच्या लॉटमध्ये ती परत घेण्याची सोय केली, परत आलेली पुष्कळ नाणी वितळवली गेली, आणि फेब्रुवारी १८७३ च्या नाणे कायद्याने दोन सेंट यादीतून निघून गेले.

हे आकडे डोळ्यांपुढे ठेवले की क्रम आपोआप कळतो. पहिली दोन वर्षे कुठेही मिळतात. १८६६ ते १८६९ थोडे शोधून मिळतात. १८७० आणि १८७१ ची नाणी, माझ्या मते, बाजाराने अजूनही हवी तेवढी किंमत न लावलेली आहेत. १८६४ च्या तुलनेत ती तेवीस ते सत्तावीस पटींनी कमी पडली, पण किमतीतला फरक त्या मानाने थोडा आहे. १८७२ साठी झिजलेल्या नाण्यालाही शेकडो डॉलर मोजावे लागतात. १८७३ हजारांत जाते.

म्हणून सुरुवात १८७२ च्या हिशेबाने. आपल्याला कोणत्या अवस्थेतले १८७२ परवडेल हे आधी ठरवा आणि बाकीची नाणी त्याला जुळतील अशी घ्या. समजा, तुमची मजल १८७२ च्या व्हीएफ-२० पर्यंत, म्हणजे ‘व्हेरी फाइन’ या मध्यम झिजेच्या दर्जापर्यंत जाते. मग १८६४ चे टवटवीत लाल नाणे स्वस्तात समोर आले तरी ते या संचासाठी नाही. त्या १८७२ ला व्हीएफ किंवा त्याहून वरच्या ईएफ (‘एक्स्ट्रीमली फाइन’) दर्जाचे, एकसारख्या तपकिरी रंगाचे सोबती शोधा. स्वस्त सनांत उंच दर्जा घेण्याचा मोह सगळ्यांना होतो, कारण दहा-वीस डॉलरच्या फरकात फार देखणे नाणे मिळते. पण तसे केले की पान उघडल्यावर नजर पहिल्यांदा १८७२ च्या उणिवेकडेच जाते.

दुसरा मार्ग आहे आणि तो कमी लोकांना सुचतो: अख्खा संच प्रूफ नाण्यांचा. दहाही वर्षी प्रूफ निघाली होती. १८७२ ची प्रूफ साडेनऊशेच्या आसपास पडली, म्हणजे प्रूफच्या संचात १८७२ हे काही अडचणीचे नाणे उरत नाही. उंच दर्जात तर १८७२ चे प्रूफ त्याच साली चलनासाठी पडलेल्या नाण्यापेक्षा स्वस्त पडू शकते. या मार्गात जड जाते ते १८६४, कारण पहिल्या वर्षीची प्रूफ थोडी आहेत. खर्च एकूण बराच जास्त, पण संच एकजिनसी होतो आणि १८७३ त्यात परके दिसत नाही. ज्यांना चकाकी हवी आणि घाई नाही त्यांनी तपकिरी प्रूफ घ्यावीत. लाल प्रूफसाठी लागणारा जादा पैसा मला पटत नाही. तांब्याचा लाल रंग टिकेल याची खात्री कोणी देऊ शकत नाही.

पण ‘दहा’ हा आकडा सगळ्यांना मान्य नाही. १८६४ ची नाणी दोन प्रकारची आहेत, फितीवरची अक्षरे लहान असलेली आणि मोठी असलेली, आणि गंभीर संग्राहक दोन्ही धरतात. लहान अक्षरांचा साचा आधी वापरला गेला. तो १८६३ च्या नमुन्यांच्या जवळचा आहे. लवकरच मोठी, उठावदार अक्षरे घेतली गेली आणि तीच शेवटपर्यंत राहिली. लहान अक्षरांची किती नाणी पडली याची वेगळी नोंद नाही, पण मोठ्या अक्षरांच्या तुलनेत ती फार थोडी आहेत आणि किंमत कितीतरी पट.

हा फरक नुसत्या नजरेने पटकन कळत नाही. ‘लहान’ आणि ‘मोठी’ ही नावेच फसवतात; दोन नाणी शेजारी नसतील तर प्रत्येकाला आपल्याकडचे अक्षर लहानच वाटते. माप सोडून आकार पाहावा. पाचपट भिंग घ्या आणि ‘गॉड’ या शब्दावर थांबा. मोठ्या अक्षरांच्या साच्यात त्यातले ओ आणि डी उभट, अरुंद असतात. लहान अक्षरांत ओ जवळजवळ गोल आणि डी रुंद. मग ‘ट्रस्ट’ मधला पहिला टी पाहा. त्याच्या डावीकडे फितीला घडी आहे. लहान अक्षरांत टी त्या घडीला जवळजवळ चिकटलेला असतो, मोठ्या अक्षरांत मध्ये सुमारे एक मिलिमीटर मोकळी जागा असते. तिसरी खूण फितीखालच्या पानाची: लहान अक्षरांच्या नाण्यावर पानाचा देठ स्वच्छ दिसतो, मोठ्यांच्या नाण्यावर दिसत नाही. तिन्ही खुणा जुळल्या तरच लहान अक्षरे म्हणा. झिजलेल्या नाण्यावर देठ आधी पुसला जातो, ओ आणि घडी त्यामानाने टिकतात. जुन्या ढिगांमध्ये, इस्टेट सेलच्या (मृताच्या घरातल्या वस्तूंच्या विक्रीतल्या) डब्यांत, ‘१८६४, दोन सेंट’ एवढेच लिहिलेल्या पाकिटांत हे नाणे अजून सापडते, कारण विकणाऱ्याने ओ बघितलेला नसतो.

दर्जा ठरवणे या नाण्यात सोपे आहे, असे वर म्हटले त्याचे कारण फीत. फितीचा मधला भाग सर्वांत उंच, म्हणून तिथला ‘वुई’ सर्वांत आधी झिजतो. ‘इन गॉड’ एवढेच दिसत असेल तर दर्जा जी-४ (‘गुड’). ‘वुई’ पुसट का होईना ओळखता येतो, तर व्हीजी-८ (‘व्हेरी गुड’). अख्खे वाक्य वाचता येते पण ‘वुई’ कमजोर, तर फाइन-१२. ‘वुई’ स्पष्ट झाला की व्हीएफ, ठसठशीत उठून दिसला की ईएफ-४०. मात्र एक खबरदारी. काही नाण्यांवर ठोकाच मुळात हलका पडलेला असतो, तेव्हा ‘वुई’ पुसट असूनही नाणे फारसे चाललेले नसते. अशा वेळी ढालीच्या आडव्या रेघा आणि मागच्या गव्हाचे दाणे पाहावे. दाणे टोकदार आणि रेघा सुट्या असतील तर दोष ठोक्याचा. दाणेही गुळगुळीत असतील तर झीज खरी. १८६४ आणि १८६५ च्या नाण्यांवर साच्याच्या भेगा वारंवार दिसतात, काठापासून अक्षरांतून धावणारी बारीक उठलेली रेघ. तो दोष नव्हे. भेग उठलेली असते, ओरखडा खणलेला असतो. बोटाने नव्हे, तिरप्या उजेडात भिंगाने तपासा.

खरी परीक्षा पृष्ठभागाची. चांदीपेक्षा ब्राँझ कितीतरी जास्त वेगाने बिघडते. अमेरिकेत तांब्याच्या नाण्यांना रंगावरून तीन वर्ग देतात: मूळ लाली ९५ टक्के किंवा अधिक असेल तर ‘रेड’, पाच टक्क्यांहून कमी उरली असेल तर ‘ब्राऊन’, मधले सगळे ‘रेड-ब्राऊन’. वर्ग बदलला की किंमत दुप्पट-तिप्पट होते, म्हणून खोटी लाली करण्याचे उद्योगही तेवढेच. आम्लात बुडवलेले नाणे पहिल्यांदा पाहणाऱ्याला झकास वाटते: एकसारखे, गुलाबी झाक असलेले नारिंगी. पण ते दिव्याखाली फिरवले तर उजेडाचा पट्टा नाण्यावरून चाकासारखा फिरत नाही, चकाकी मेलेली असते. खऱ्या लालीत अक्षरांच्या आडोशाला रंग ताजा आणि उंच भागावर किंचित मावळलेला, असा चढउतार असतोच. तारेच्या ब्रशने यंत्रावर घासलेल्या नाण्यावर भिंगाखाली समांतर सूक्ष्म रेघा दिसतात आणि अक्षरांच्या कडांशी धातू सरकून जमलेला दिसतो. निळी-जांभळी झगझगीत झाक बहुतेक वेळा रसायनाची. लाकडाच्या रेषांसारखे पट्टे असलेली काही जुनी ब्राँझ नाणी मात्र अस्सल असतात. मिश्रधातू नीट ढवळली गेली नव्हती म्हणून ते पट्टे उमटले, आणि मला ती विशेष आवडतात.

आपल्याकडे तांब्याला चिंच-मीठ लावून घासायची सवय घराघरात आहे. नाण्याला ते कदापि करू नये. एकदा घासले की दीडशे वर्षांत जमलेला संरक्षक थर जातो, रंग पिवळट होतो, आणि तो थर पुन्हा आला तरी कोणत्याही जाणकाराला ठिपक्या-ठिपक्यांचा बनावट तपकिरी ओळखू येतो.

करता येण्यासारखे दोनच उपाय आहेत. जुन्या मऊ प्लॅस्टिकच्या पाकिटातून आलेल्या नाण्यावर हिरवट चिकट थर असतो, तो पीव्हीसीचा. त्यासाठी शुद्ध अॅसिटोन लागते, नेलपॉलिश काढायचे सुगंधी द्रव चालत नाही. झाकणाच्या काचेच्या वाटीत कोरडे नाणे ठेवा, बुडेल एवढे अॅसिटोन घाला, काही तासांनी द्रव बदला, असे दोन-तीनदा करा, शेवटी ताज्या अॅसिटोनने खंगाळून आपोआप वाळू द्या. घासायचे नाही, पुसायचेही नाही. खिडकी उघडी हवी, जवळपास ज्योत नको. प्लॅस्टिकची वाटी विरघळून सगळे नाणे खराब करते, हेही लक्षात ठेवा. दुसरा उपाय जंगालासाठी, म्हणजे तांब्यावर चढणाऱ्या हिरव्या गंजासाठी. जंगाल अॅसिटोनने निघत नाही. नाणे शुद्ध खनिज तेलात काही आठवडे ठेवून ते मऊ करायचे आणि मग गुलाबाच्या काट्याच्या टोकाने भिंगाखाली हळूच उचलायचे. अमेरिकेतले ‘लार्ज सेंट’चे, म्हणजे १८५७ पर्यंतच्या मोठ्या आकाराच्या तांब्याच्या सेंटचे, जुने संग्राहक हीच रीत वापरतात. काटा ब्राँझपेक्षा मऊ, म्हणून ओरखडा पडत नाही. जंगालाखाली खड्डा निघेल याची तयारी ठेवा. तो आधीच पडलेला असतो, जंगालाने झाकलेला असतो एवढेच. म्हणून हिरवा डाग असलेले महाग नाणे घेऊ नये, कितीही सवलत मिळो.

१८७३ बद्दल दोन गोष्टी. पहिली, त्यातल्या तीनच्या आकड्याचे दोन प्रकार आहेत. वर्षाच्या सुरुवातीला वापरलेल्या साच्यात तीनची टोके इतकी जवळ आली होती, की तो आठ वाटे. जानेवारी १८७३ मध्ये मुख्य नाणेपाडू ए. लाउडन स्नोडन यांनी तशी लेखी तक्रार केली आणि टांकसाळीने इतर नाण्यांसाठी उघड्या तीनचे साचे केले. दोन सेंट तर फेब्रुवारीच्या कायद्याने संपलेच होते. तरीही उघड्या तीनची दोन सेंट नाणी आहेत, आणि ती नंतर मागाहून पाडली असावीत असा जाणकारांचा कल आहे. संचासाठी बंद तीनचे एक पुरे. दोन्ही प्रकार जमवणे हा वेगळा, श्रीमंत छंद आहे.

दुसरी गोष्ट जास्त उपयोगाची. १८७३ चे नाणे प्रूफ असले तरी त्यांतली काही पुढे खर्चून टाकली गेली, खिशांत फिरली, झिजली. अशा चाललेल्या प्रूफची किंमत स्वच्छ प्रूफपेक्षा बरीच कमी असते, आणि व्हीएफ-ईएफ दर्जाच्या तपकिरी संचात ते नाणे बाकीच्या नवांशी फार छान जुळते. चकचकीत १८७३ शेजारी आले तर उरलेली नऊ म्हातारी दिसतात. तेव्हा १८७२ ठरवताना याचाही विचार करा: झिजलेले १८७३ कधी येईल हे आपल्या हातात नसते, म्हणून त्यासाठीचा पैसा वेगळा ठेवा आणि ते दिसले की इतर सगळी खरेदी थांबवा. १८७२ आणि १८७३ ही दोन नाणी, आणि लहान अक्षरांचे १८६४ हे तिसरे, नामांकित संस्थेने तपासून सीलबंद केलेलीच घ्यावीत. पीसीजीएस आणि एनजीसी या अमेरिकी संस्था अनुक्रमे १९८६ आणि १९८७ पासून हे काम करतात. डबीवरचा क्रमांक त्यांच्या नोंदीशी ताडून पाहता येतो. उरलेल्या स्वस्त सनांसाठी तपासणीचा खर्च नाण्याहून जास्त होतो, तिथे स्वतःच्या डोळ्यांवर भरवसा हवा.

तो भरवसा कमवायला साधने फार लागत नाहीत. शतांश ग्रॅम दाखवणारा काटा: बरे नाणे सहा ग्रॅमच्या वरच भरते, साडेपाचला आले तर काही तरी गडबड आहे. व्यास मोजायला प्लॅस्टिकचा कॅलिपर, धातूचा नको. लोहचुंबक: ब्राँझ ओढले जाता कामा नये. आणि नाणे उलटून पाहणे. आपल्या रुपयासारखे डावी-उजवीकडे उलटले तर मागची बाजू डोक्यावर उभी दिसते. वरून खाली उलटले तर सुलटी. अमेरिकी नाण्यांची रीत ती आहे, आणि नकली पाडणारे कधी कधी इथेच चुकतात. अर्थात खऱ्या नाण्यांतही साचा थोडा फिरलेला सापडतो, म्हणून एवढ्यावरूनच निकाल देऊ नये. १८७२ उघडे विकायला असेल तर शेवटच्या अंकाभोवतीची जागा दहापट भिंगाखाली पाहा: तिथे धातू खरवडलेला, रंग वेगळा किंवा पृष्ठभाग दबलेला दिसला तर सन बदललेला आहे. फोटोवरून घेताना नाणे तिरपे धरून काढलेला एक फोटो जरूर मागा. समोरून, सपाट उजेडात काढलेल्या फोटोत घासलेले नाणेही निर्मळ दिसते.

ठेवण्याबद्दल, विशेषतः मुंबई-कोकणात राहणाऱ्यांसाठी. पावसाळी हवा ब्राँझची वैरी आहे. पाकीट मायलारचे (पारदर्शक पॉलिएस्टरचे) असावे, नाणे कडेने धरावे, त्याच्यावर तोंड करून बोलू नये. थुंकीचा न दिसणारा थेंब काही महिन्यांनी काळा ठिपका होऊन उगवतो आणि तो कायमचा. पुठ्ठ्याच्या चौकटीला स्टेपल मारले तर पिना पक्कडीने चपट्या करा, नाहीतर एका पाकिटाची पीन शेजारच्या नाण्यावर ओढली जाते. संच हवाबंद डब्यात, सोबत रंग बदलणाऱ्या सिलिका जेलची पुडी. रंग बदलला की पुडी वाळवायची किंवा बदलायची. लाकडी कपाट आणि स्वस्त पुठ्ठ्याचे जुने अल्बम टाळावेत. त्यांतून निघणारी आम्ले आणि गंधक नाण्याला काळे करतात.

दहा किंवा अकरा नाणी लागल्यावर पुढे जायचे असेल तर वाट आहे. १८६५ च्या पाचच्या आकड्याचे दोन प्रकार आहेत, एकात वरच्या दांडीचे टोक सरळ आणि एकात वर वळलेले. दोन्ही स्वस्त, म्हणून हौसेने घ्यावे. १८६७ चे दुहेरी साच्याचे नाणे मात्र खरोखर शोधण्यासारखे आहे. त्यात फितीवरचे अक्षरन् अक्षर दोनदा उमटलेले दिसते, ‘इन गॉड’ मध्ये तर भिंगाशिवायही. ओळखायची खूण अशी, की खऱ्या दुहेरी साच्यात दोन्ही अक्षरे गोलसर, पूर्ण उंचीची असतात आणि अक्षरांच्या टोकांशी खाच पडलेली असते. ठोक्याच्या वेळी साचा सरकून झालेली दुहेरी रेघ चपटी, पायरीसारखी असते आणि मूळ अक्षर तेवढे बारीक होते. विकणारे या दुसऱ्या प्रकारालाही दुहेरी साचाच म्हणतात, तेव्हा खाच दिसेपर्यंत पैसे देऊ नयेत.